मायी शिशी नोहे

मागच्या आखाडातली गोष्ट. बाळापूरकडच्या एका गावाहून एसटीनं एक बाई आमच्या दुकानात आल्या. वय साठीच्या पुढे, हातात कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी एक रिकामी बाटली काढून काउंटरवर ठेवली, शेजारी अर्धी भरलेली दुसरी ठेवली आणि म्हणाल्या, "ताई, हे मायी शिशी नोहे. मायीचं झाकन हिरवं व्हतं."

खरं होतं. गोळी थायरॉइडची. दोन्ही बाटल्यांवर थायरॉक्सिन सोडियम, ७५ मायक्रोग्राम, असंच छापलेलं. कंपन्या वेगळ्या. एप्रिलमध्ये त्यांची नेहमीची कंपनी स्टॉकिस्टकडे शॉर्ट होती, तेव्हा दुकानातल्या पोरानं दुसऱ्या कंपनीची बाटली दिली होती. "तेच औषध आहे मावशी" एवढंही तो बोलला नव्हता. गर्दीची वेळ असेल. बाईंना अक्षरं लागत नाहीत. त्यांनी झाकणाचा रंग पाहिला, मनात शंका ठेवली आणि तीन महिने मुकाट्यानं गोळ्या घेतल्या. आता पाय जड, अंगावर सूज, सकाळी उठवत नाही. मुलानं टीएसएचची रक्ततपासणी करून आणली होती; औषध कमी पडलं की हा आकडा वाढतो. जानेवारीत ३.१ होता, आता ९.४.

मी गेली २८ वर्षं अकोल्यात मेडिकल चालवते. डी.फार्म. आहे, आणि धाकट्याच्या जन्मानंतर २००८ पासून मी स्वतःही ही गोळी घेते. म्हणजे काउंटरच्या दोन्ही बाजूंना उभी आहे. बाईंचा रिपोर्ट बघून पहिला विचार आला तो हाच की आपण दिलेल्या हलक्या कंपनीनं हा घोळ केला. मग मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि विचारत गेले. गोळी कधी घेता? सकाळी. कशासोबत? चहासोबत. आधीही चहासोबतच घेत होत्या का? नाही, आधी नुसत्या पाण्यासोबत. पण होळीपासून सून सकाळीच चहा आणि "हाडाच्या गोया" हातात देते, त्यासोबतच हीही उरकून टाकतात. हाडाच्या गोळ्या म्हणजे कॅल्शियम. कॅल्शियम थायरॉक्सिनला पोटातच धरून ठेवतं, रक्तात पुरतं जाऊ देत नाही. म्हणूनच दोहोंत चार तासांचं अंतर ठेवा असं सांगतात. आणि बाटली कुठे असते? चुलीच्या वरच्या फळीवर.

आता सांगा, टीएसएच कशानं वाढला? कंपनीनं, कॅल्शियमनं, चहानं की चुलीच्या धगीनं? मला आजही सांगता येत नाही. आणि माझी तक्रार नेमकी तिथेच आहे. न सांगता बाटली बदलली की पुढे काय बिघडलं ते कुणालाच कळत नाही, डॉक्टरलाही नाही. डॉक्टर ७५ ची १०० करून मोकळे होतात. दोन महिन्यांनी जुनी कंपनी बाजारात परत येते, सुनेला कुणी कॅल्शियम दुपारी द्यायला सांगतं, आणि म्हातारीचं काळीज धडधडायला लागतं.

ब्रँड चांगला की जेनेरिक, हे भांडण मी कितीतरी वेळा ऐकलंय. दिवाळीच्या फराळाला बसलेल्या नातेवाइकांपासून ते केमिस्ट संघटनेच्या सभेपर्यंत. आपल्या देशात या भांडणाला फारसा पायाच नाही. थायरॉक्सिन काही कुणा एका कंपनीचं राहिलेलं नाही. एडवर्ड केंडॉलनं ते अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये १९१४ च्या नाताळात थायरॉइड ग्रंथीतून वेगळं काढलं, चार्ल्स हॅरिंग्टन आणि जॉर्ज बार्जर यांनी १९२७ मध्ये प्रयोगशाळेत बनवलं. पेटंटचा विषय केव्हाच मागे पडला. तेव्हा ज्याला आपण 'ब्रँड' म्हणतो, तोही नाव दिलेला जेनेरिकच. आमच्या धंद्याची भाषा निराळी आहे. डॉक्टरांकडे एमआर, म्हणजे कंपनीचे प्रतिनिधी, पाठवून जो माल खपवतात तो 'एथिकल'. जो माल एमआर नसताना थेट आमच्याकडे येतो तो 'जेनेरिक'. हा फरक गोळीतला नाही, विक्रीच्या वाटेतला आहे. जेनेरिक माल आम्हाला अनेकदा छापील किमतीच्या निम्म्याहून कमी भावात पडतो, आणि छापील किंमत मात्र एथिकलच्या आसपास असते. मधला फरक कुठे जातो ते वाचकांनी ओळखावं. दुकानाच्या पाटीवरचे नवे एलईडी दिवे त्यातूनच लागतात. माझ्या दुकानाचेही.

म्हणून "मॅडम, कंपनी बदलली, पण औषध तेच" या आमच्या वाक्यात औषधापेक्षा मार्जिन जास्त बोलत असतं. चिठ्ठीवर विकायच्या औषधांबाबत नियम असा आहे की डॉक्टरांनी लिहिलेल्याच्या जागी दुसरं देऊ नये, आतला घटक तोच असला तरी. हा नियम सगळ्या केमिस्टांना पाठ आहे आणि रोज मोडला जातो. कधी नफ्यासाठी, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त वेळा नाइलाजानं, कारण माल शॉर्ट असतो आणि समोरचा माणूस तीस किलोमीटरवरून आलेला असतो.

बहुतेक औषधांत असं बदलल्यानं काही अडत नाही. पॅरासिटामॉल कुठल्याही कंपनीचं द्या, ताप उतरतो. थायरॉक्सिनचं तसं का नाही, ते हिशेबानं बघा. पॅरासिटामॉलच्या एका ५०० मिलिग्रामच्या गोळीत जेवढं औषध असतं, तेवढ्या वजनाच्या थायरॉक्सिनमध्ये ५० मायक्रोग्रामच्या दहा हजार गोळ्या होतात. दहा हजार! म्हणजे त्या पांढऱ्या चिमुकल्या गोळीत औषध जवळजवळ नसतंच. जे दिसतं ते सगळं लॅक्टोज, स्टार्च आणि गोळी बांधून ठेवायचे पदार्थ. पोतंभर पिठात चिमूटभर हिंग मिसळायचा आणि प्रत्येक पोळीला सारखाच वास आला पाहिजे, असं ते काम आहे. चांगली कंपनी ते करते. कसं करते, कुठल्या पदार्थांत करते, गोळी पोटात किती वेळात फुटते, हे मात्र प्रत्येकीचं आपलं आपलं.

त्यात हे औषध ज्यांना अरुंद पट्ट्याची म्हणतात त्यांपैकी. पुरेसा डोस आणि जास्त डोस यांच्यात जागा थोडी. म्हणून तर ८८, १००, ११२, १२५ अशा विचित्र आकड्यांच्या गोळ्या निघतात. पायऱ्या साधारण बारा टक्क्यांच्या. अमेरिकेत पूर्वी छापलेल्या आकड्याच्या ९० ते ११० टक्क्यांच्या आत औषध भरलं की गोळी पास होत असे. म्हणजे १०० ची गोळी ९० ची असू शकत होती आणि दुसऱ्या कंपनीची ११० ची. डॉक्टर एवढ्या बारकाईनं डोस ठरवणार, आणि एका बाटलीवरून दुसरीवर गेलं की तो जवळजवळ दोन पायऱ्या घसरणार किंवा चढणार. तिथल्या औषध प्रशासनानं १९९७ मध्ये सांगितलं की हे औषध इतकी वर्षं रीतसर मंजुरीशिवायच विकलं जातंय, आता सगळ्यांनी नव्यानं अर्ज करा. कारण काही गोळ्यांचा जोर एक्स्पायरीच्या आतच उतरत होता आणि एकाच कंपनीच्या दोन बॅच एकसारख्या नसत. पुढे २००७ मध्ये मर्यादा ९५ ते १०५ वर आणली, आणि तीही एक्स्पायरीच्या तारखेपर्यंत टिकली पाहिजे अशी अट घातली.

हे वाचून कुणी म्हणेल, बघा, नावाजलेली कंपनीच बरी. थांबा. त्याच सुमारास दुसरी एक गोष्ट उघड झाली, आणि माझ्या मते प्रत्येक फार्मसी कॉलेजात ती शिकवायला हवी. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठातल्या बेटी डाँग नावाच्या संशोधक. सिंथ्रॉइड या अमेरिकेत तेव्हा सर्वांत जास्त खपणाऱ्या थायरॉक्सिनच्या ब्रँडच्या कंपनीनं त्यांना पैसे दिले होते, आपली गोळी इतरांपेक्षा सरस आहे हे दाखवून द्या म्हणून. १९९० मध्ये अभ्यास झाला आणि निघालं भलतंच: सिंथ्रॉइड, दुसरा एक ब्रँड आणि दोन जेनेरिक, चारही सारखेच. कंपनीनं तो निबंध छापू दिला नाही. करारातलं एक कलम दाखवून अडवला, अभ्यासात चुका काढल्या, आणि सात वर्षं तो दाबून ठेवला. एका वर्तमानपत्रानं भांडं फोडलं तेव्हा कुठे तो अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला. ब्रँडचा मोठेपणा किती औषधाचा आणि किती वकिलांचा, असा प्रश्न मला तेव्हापासून पडतो.

ब्रँड न बदलताही गोळी बदलते, हेही ध्यानात घ्या. न्यूझीलंडमध्ये मिळणाऱ्या एल्ट्रॉक्सिन या थायरॉक्सिनच्या ब्रँडचं उत्पादन २००७ मध्ये कॅनडातून जर्मनीत गेलं. नाव तेच, औषध तेच. गोळीचं रूप आणि आतले भरायचे पदार्थ बदलले. आधीच्या तीस वर्षांत या गोळीबद्दल १४ तक्रारी आल्या होत्या, पुढच्या दीड वर्षात चौदाशेवर आल्या. तपासणीत औषध बरोबर निघालं. ज्या भागांत टीव्हीवर आणि पेपरांत जास्त गाजावाजा झाला, तिथून तक्रारी जास्त आल्या, हेही संशोधकांना दिसलं. त्यावरून शहाण्यांनी निष्कर्ष काढला की हे बहुतेक मनाचे खेळ. असतील. पण तुमची गोळी बदललीय हे तुम्हाला पेपरातून कळलं, तर मन खेळणारच. फ्रान्समध्ये २०१७ च्या मार्चमध्ये तेच झालं. मर्क कंपनीनं लेव्होथायरॉक्सच्या गोळीतलं लॅक्टोज काढून मॅनिटॉल आणि सायट्रिक ॲसिड घातलं. हे तिथल्या सरकारी औषध संस्थेच्याच सांगण्यावरून, गोळीचा जोर अधिक स्थिर राहावा म्हणून. हेतू चांगला. घेणारे जवळजवळ ३० लाख. उन्हाळ्यापर्यंत थकवा, केस गळणं, चक्कर अशा तक्रारींचा पूर आला, लाखो सह्यांचे अर्ज झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि शेवटी सरकारला जुनी गोळी काही काळासाठी परत आणावी लागली. तिथल्या बायकांनी सर्वांत जास्त संताप कशावर काढला? आम्हाला कुणी नीट सांगितलं नाही, यावर. बाळापूरच्या बाईंना फ्रेंच येत नाही, एवढाच काय तो फरक.

मग बदलल्यानं खरोखर किती बिघडतं? २०२२ मध्ये अमेरिकेतून एक मोठा अभ्यास आला. पंधरा हजारांहून अधिक रुग्ण, सगळे जेनेरिकवर. त्यातल्या ज्यांची कंपनी बदलली आणि ज्यांची बदलली नाही, त्यांच्या टीएसएचमध्ये म्हणण्यासारखा फरक नव्हता. मला हा निकाल पटतो. माझा स्वतःचा अनुभवही तोच. २०१९ मध्ये मी मुद्दाम माझी एथिकल कंपनी सोडून दुकानातलीच एक स्वस्त बाटली सुरू केली. आठ आठवड्यांनी टीएसएच २.३ चा २.९ झाला. एवढा फरक तर सकाळी आणि संध्याकाळी रक्त काढलं तरी पडतो. एका बाईचा प्रयोग म्हणजे शास्त्र नव्हे, पण त्यानंतर जेनेरिकला नाक मुरडायचा माझा हक्क संपला.

मात्र हे सरासरीचं झालं. काही माणसं सरासरीत बसत नाहीत. बॉस्टनच्या मुलांच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये दाखवलं की ज्या मुलांना जन्मतःच ग्रंथी नसते किंवा जवळजवळ नसते, त्यांच्यात ब्रँड आणि जेनेरिक सारखे पडले नाहीत. ज्याची स्वतःची ग्रंथी थोडीफार काम करते, त्याच्यात ती ग्रंथी गोळीतली कमी-जास्त भरून काढते. ज्याचं सगळंच गोळीवर चालतं, त्याला ती सोय नाही. कॅन्सरसाठी ग्रंथी काढलेले रुग्ण तसेच. त्यांतल्या काहींचा टीएसएच मुद्दाम खाली दाबून ठेवायचा असतो. आणि गरोदर बायका. त्यांना औषध आधीपेक्षा जास्त लागतं, पहिल्या काही महिन्यांत बाळाचा मेंदू आईच्याच थायरॉक्सिनवर वाढतो, आणि नेमकं त्याच काळात एखादी मुलगी सासरहून माहेरी जाते. अकोल्याची चिठ्ठी वाशीमच्या मेडिकलवर. तिथे ती कंपनी मिळत नाही. "हीच घे, सेम आहे." मग पाचव्या महिन्यात रक्त तपासतात आणि डॉक्टर विचारतात, गोळी नियमित घेतली नाहीस का गं? ती पोरगी रडत मला फोन करते. गोळी तिनं रोज घेतलेली असते.

उन्हाबद्दल मी जरा जास्तच बोलते, असं घरचे म्हणतात. पण मुंबई-पुण्याच्या माणसाला अकोल्याच्या मे महिन्याची कल्पना नाही. पारा ४५ च्या आसपास. बाटलीवर छापलेलं असतं, २५ किंवा ३० अंशांच्या खाली ठेवा, उजेड आणि ओलाव्यापासून जपा. थायरॉक्सिनला उष्णता, प्रकाश आणि दमट हवा तिन्ही सोसत नाहीत. आता हा माल नागपूरच्या डेपोतून टेम्पोनं येतो, वर ताडपत्री, दुपारी दोन वाजता स्टॉकिस्टच्या पत्र्याच्या गोडाऊनसमोर उतरतो. माझ्या दुकानात एसी आहे, कारण इन्सुलिनचा फ्रिज आणि मी, दोघंही त्याशिवाय टिकत नाही. पण तालुक्याच्या गावी, जिथे दुपारी वीज जाते आणि शटरच तापून हाताला चटका देतं, तिथे बाटली महिनाभर उभी असते. कोकणात आणि गोव्यात ऊन नाही, तर ओल आहे. तिथे लोक बाटलीतल्या गोळ्या काढून देवघरातल्या डबीत टाकून ठेवतात. तेव्हा दोन कंपन्यांची तुलना करताना कुठली बाटली कुठल्या वाटेनं आली हेही बघायला हवं. ते बघत कुणी नाही. नाव तेवढं बघतात.

आणि उपास! हे औषध उपाशीपोटी घ्यायचं असतं, निदान अर्धा तास आधी, नुसत्या पाण्यासोबत. तरी एकादशीला, संकष्टीला माझी कितीतरी गिऱ्हाइकं गोळीच घेत नाहीत. का? तर उपास आहे. मी हसून सांगते, अहो, हिचा तर रोजच उपास असतो. थायरॉक्सिन शरीरात आठवडाभर रेंगाळतं, म्हणून एक दिवस चुकला तर लगेच काही होत नाही. पण वारीच्या महिन्यापासून चातुर्मास धरणाऱ्या सासूबाईंचे चुकलेले दिवस मोजले, तर टीएसएच वाढण्याला कंपनी बदलायची गरजच उरत नाही. आमच्याकडच्या मुस्लिम वस्तीतल्या बायका रमजानमध्ये याबाबत जास्त शिस्तीच्या. सहेरीच्या आधी घ्यायची की झोपताना, हे त्या महिना लागण्याआधीच विचारून जातात.

पैशाचंही बघू. थायरॉक्सिन अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, किमतीवर सरकारचं नियंत्रण आहे. नावाजलेल्या कंपनीची गोळी दिवसाला साधारण दीड-दोन रुपयांना पडते. सरकारच्या जनऔषधी केंद्रात त्याहून कमी. म्हणजे बदलून महिन्याला वाचणार वीस-तीस रुपये. आमच्याकडच्या लॅबमध्ये एका टीएसएचला २५० ते ३०० लागतात. कंपनी एकदा बदललीत आणि डॉक्टरांच्या सांगण्यानुसार सहा आठवड्यांनी तपासणी केलीत, तर त्या वर्षाची बचत तिथेच गेली. हृदयाच्या, कॅन्सरच्या औषधांत जेनेरिकनं संसार वाचतात, ते मी रोज बघते आणि त्याच्या बाजूनं भांडते. थायरॉक्सिनमध्ये एकदाच बदलून कायम तिथेच राहिलात तर वाचवलेले पैसे खरे. दर महिन्याला जिथे स्वस्त दिसेल तिथून घेत फिरलात, तर नाही. जनऔषधीतून घेणाऱ्यांची माझ्याकडे येणारी तक्रार गोळीच्या गुणाची नसते. कधी ५० असते आणि २५ नसते, कधी दोन्ही नसतात, अशी असते. मग ते माझ्याकडे येतात आणि तिसरीच कंपनी घेऊन जातात.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं नियम काढला की डॉक्टरांनी औषधं जेनेरिक नावानंच लिहावीत. डॉक्टरांच्या संघटना उसळल्या आणि तीन आठवड्यांतच नियम स्थगित झाला. तेव्हा सगळ्या चॅनलवर ब्रँड विरुद्ध जेनेरिक असा कालवा झाला. पण त्या नियमातच एक शहाणी ओळ होती, तिच्याकडे कुणी पाहिलं नाही: अरुंद पट्ट्याच्या औषधांना यातून वगळावं. म्हणजे आयोगालाही माहीत होतं. फक्त कुठली औषधं त्यात येतात, त्यांची बाटली बदलायची वेळ आली तर सांगायचं कुणी, तपासायचं कधी, हे कुणी लिहून ठेवलं नाही. डॉक्टरांचा मुद्दा अर्धा बरोबर होता: नुसतं 'थायरॉक्सिन ७५' लिहिलं की निवड डॉक्टरकडून माझ्याकडे येते. आणि मी देवमाणूस नाही, वर सांगितलंच आहे. पण ब्रँडचं नाव लिहिलं म्हणजे रुग्णाला तेच मिळतं, हेही खोटं.

आपल्याकडे हा प्रश्न मूठभरांचा नाही. आठ शहरांतल्या एका पाहणीत, त्यात मुंबई आणि गोवाही होतं, प्रौढांपैकी सुमारे ११ टक्क्यांना थायरॉइड कमी असल्याचं २०१३ मध्ये छापून आलं. एका इमारतीत वीस बिऱ्हाडं असतील तर मोजून बघा. मुलाकडे अमेरिकेला निघालेले आई-वडील माझ्याकडून सहा-सहा महिन्यांच्या बाटल्या घेऊन जातात, मी त्यांना मूळ डब्यांतच न्या म्हणते. तिथे जाऊन ज्यांनी तिथली चिठ्ठी घेतली, त्यांना दर रिफिलला वेगळ्या कारखान्याची, वेगळ्या आकाराची गोळी मिळाली तर ते बाटलीवर लिहिलेलं असतं. आमच्या बिलावर मात्र कितीतरी दुकानांत नुसतं "थायरो ७५" असतं.

मला काय हवंय ते फार मोठं नाही. बिलावर कंपनी आणि बॅच छापून येऊ द्या. अरुंद पट्ट्याच्या औषधांची यादी प्रत्येक मेडिकलच्या भिंतीवर लावा, मराठीत, आमच्या लायसन्सच्या शेजारी. त्या यादीतलं औषध विकणाऱ्या प्रत्येक कंपनीनं, मग ती एथिकल असो वा जेनेरिक, आपली गोळी रक्तात कशी उतरते त्याचा अहवाल लोकांना बघायला खुला करावा. २०१७ मध्ये नियम बदलून पाण्यात नीट न विरघळणाऱ्या गटांतल्या जेनेरिकना ती चाचणी सक्तीची केली, पण सगळ्याच औषधांना नाही. आणि सरकारी दवाखान्यातून ही गोळी मिळणाऱ्यांना दर खरेदीच्या निविदेबरोबर वेगळी कंपनी द्यायची असेल, तर त्याच खिडकीवर टीएसएचही फुकट होऊ द्या.

आमच्या दुकानापुरतं मी काय करायचं ते केलं. गांधी रोडवरून एक रबरी शिक्का बनवून आणला. "कंपनी बदलली आहे. ६ आठवड्यांनी टीएसएच तपासून डॉक्टरांना दाखवा." दुसरी कंपनी द्यावीच लागली तर तो बिलावर उमटतो आणि झाकणावर मार्करनं तारीख पडते. पोराला सांगितलंय, ज्यांना वाचता येत नाही त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचं. पहिल्या आठवड्यात दोन गिऱ्हाइकं शिक्का बघून समोरच्या दुकानात गेली. तिथे त्यांना तीच दुसरी कंपनी शिक्क्याशिवाय मिळाली.

बाळापूरच्या बाईंना त्या दिवशी त्यांची हिरव्या झाकणाची बाटली मिळाली. माल आदल्याच दिवशी आला होता. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर घ्यायचं, बाटली चुलीवरून काढून धान्याच्या कोठीमागे ठेवायची, गोळी उठल्या-उठल्या पाण्यासोबत आणि चहा नंतर, हे सगळं मी त्यांच्या मुलाला फोनवर सांगितलं. डॉक्टरांशीही बोलले, त्यांनी डोस वाढवायचं थांबवलं. शेवटी म्हटलं, मावशी, दीड महिन्यानं पुन्हा रक्त तपासावं लागेल. त्यांनी पिशवीचं तोंड बांधलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "अन् त्याचे पैशे कोन देईन? शिशी तं तुमी बदलली."

दीड महिन्यानं त्या आल्या तेव्हा लॅबचे २८० रुपये मी दिले. टीएसएच ३.४.